वाघ कोळंबी आणि व्हेनामी : एक तुलना

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, व्यसनमुक्ती, विवाहप्रसंगीची उधळपट्टी इत्यादी विषयांवर विद्वान वक्ते बोलत आले आहेत, आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र आज कोळंबीवर बोलणार आहोत, हे ऐकून कित्येकांस हसू येईल. मांगेला समाजाच्या सभेत कोळंबीवर व्याख्यान देणे म्हणजे सोनाराच्या घरी जाऊन सोन्याची ओळख सांगण्यासारखे आहे. सातपाटी, मुरबे, नवापूर, उच्छेळी, दांडी, आलेवाडी, तारापूर, चिंचणी या गावांतील आमच्या भगिनी जवळा कोणता, करंदी कोणती आणि सोडे कोणत्या कोळंबीचे, हे नुसत्या हाताच्या स्पर्शाने सांगतील. त्यांना शिकविण्याची आमची योग्यता नाही.

तथापि गेल्या काही वर्षांत आपल्या किनाऱ्यावर एक नवीन प्रश्न उभा राहिला आहे. होडीच्या धंद्यात डिझेल परवडत नाही, डोल जाळ्याला पूर्वीसारखी मासळी लागत नाही, म्हणून आपली तरुण मुले खाजणातील तलावांकडे वळू लागली आहेत. आणि त्यांतील अनेक जण आम्हांस विचारतात, "गुरुजी, टायगर टाकावी की व्हेनामी?" आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारे आयुष्य फळा-खडूच्या संगतीत गेले. परंतु प्रश्न आला की त्याचे उत्तर शोधावयाचे, ही शिक्षकाची खोड निवृत्तीनंतरही सुटत नाही. म्हणून जे काही वाचले, जाणत्यांकडून ऐकले आणि तलावाच्या बांधावर उभे राहून पाहिले, ते आपल्यापुढे यथाशक्ती मांडतो.

प्रथम दोघींची ओळख करून घेऊ. वाघ कोळंबी, जिला बाजारात सारे टायगर म्हणतात, ती आपल्या हिंदी महासागराची आणि पश्चिम पॅसिफिकची रहिवासी. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून ऑस्ट्रेलियापर्यंत ती सापडते. अंगाचा रंग काळपट हिरवा वा करडा, आणि त्यावर गडद व फिकट असे आडवे पट्टे. या पट्ट्यांवरूनच तिला वाघाचे नाव मिळाले. पूर्ण वाढलेली मादी एक फुटाहून थोडी अधिक लांब होऊ शकते. पिनियस कुळातील कोळंब्यांत हिच्याएवढी मोठी दुसरी नाही.

व्हेनामी ही मूळची आपल्याकडची नव्हे. तिचे माहेर अमेरिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतापासून पेरू देशाच्या उत्तर टोकापर्यंत आहे. अंग पांढुरके, काचेसारखे पारदर्शक, क्वचित निळसर झाक असलेले, आणि पाय पांढरे. म्हणूनच इंग्रजीत तिला पांढऱ्या पायांची कोळंबी म्हणतात. ती अंगाने लहान. फार वाढली तरी नऊ इंचांच्या आसपास थांबते.

दोघींच्या कपाळावरून पुढे आलेली करवतीसारखी चोच असते. वाघ कोळंबीच्या चोचीवर वरच्या बाजूस बहुधा सात-आठ दात आणि खाली तीन असतात. व्हेनामीच्या चोचीवर वर आठ-नऊ आणि खाली बहुधा दोन असतात. पण हा भेद नजरेत भरण्यासारखा नाही. पट्टे हीच सर्वांत सोपी खूण. आणि कढईत पडल्यावर तीही खूण राहत नाही. दोघींच्या कवचात एकच लाल रंगद्रव्य असते. जिवंतपणी ते एका प्रथिनाशी बांधलेले असल्यामुळे करडे वा निळसर दिसते. उष्णतेने ते बंधन तुटले की लाल रंग मोकळा होतो. म्हणून ताटात आलेल्या दोन कोळंब्यांत परकी कोणती आणि आपली कोणती, हे केवळ रंगावरून सांगणे कठीण.

आता नावांची थोडी गंमत सांगतो, कारण आपल्या सभेत आडनावांची चर्चा नेहमीच रंगते. वाघ कोळंबीचे शास्त्रीय नाव पिनियस मोनोडॉन. हे नाव १७९८ साली फॅब्रिशियस नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने दिले. मोनोडॉन या ग्रीक शब्दाचा अर्थ एकदंत. गणरायाचे हे नाव सात-आठ दातांच्या कोळंबीस मिळावे, ही मौजच होय. व्हेनामीचे नाव १९३१ सालचे. ली बून या विदुषीने ते न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातील विलार्ड व्हॅन नेम या प्राणिशास्त्रज्ञाच्या नावावरून ठेवले. आरंभी दोघींचे कुळनाव एकच, पिनियस. १९९७ साली दोन शास्त्रज्ञांनी हे कुळ फोडून त्याच्या निरनिराळ्या शाखा केल्या. तेव्हा वाघ कोळंबी पिनियसच राहिली आणि व्हेनामी लिटोपिनियस झाली. पुढे जनुकांची तपासणी झाल्यावर अनेक अभ्यासकांनी ही वाटणी मानावयाचे नाकारले आणि तिला पुन्हा जुने कुळनाव दिले. आजही पुस्तकांत दोन्ही नावे आढळतात. तात्पर्य, या दोघी चुलत बहिणी आहेत, हे निर्विवाद. घर वेगळे मांडले की एकत्र, एवढाच वाद.

दोघींचा जीवनक्रमही एकाच वळणाचा आहे. मादी खोल, खाऱ्या पाण्यात अंडी सोडते. मोठी वाघ कोळंबी एका वेळी अडीच ते आठ लाख अंडी देते, व्हेनामी एक ते अडीच लाख. अर्ध्याअधिक दिवसात ती उबतात. मग त्या सूक्ष्म जिवाची एकामागून एक रूपांतरे होतात आणि सुमारे दोन आठवड्यांत, केसाएवढी का होईना, पण कोळंबीच्या आकाराची पिले तयार होतात. ही पिले भरतीबरोबर खाडीत शिरतात, तिवरांच्या मुळांशी, कमी खाऱ्या पाण्यात वाढतात, आणि मोठी झाली की पुन्हा समुद्राची वाट धरतात. म्हणजे खाडी ही कोळंबीची बालवाडी होय. आपल्या पूर्वजांनी हे पुस्तकात वाचले नव्हते, परंतु खाजणाच्या बांधाला उघाडी ठेवून भरतीबरोबर पिले आत घेण्याची रीत त्यांस ठाऊक होती. सांप्रतच्या तलावशेतीचे मूळ त्या रीतीतच आहे.

इथपर्यंत साम्य झाले. आता ज्या एका भेदाने या दोघींचे नशीब वेगळे झाले आणि त्याबरोबर आपलेही, त्याकडे वळतो. तो भेद पट्ट्यांत नाही, आकारात नाही, चवीतही नाही. मादीच्या पोटावरील एका लहानशा जागेत तो आहे. मादीच्या चालण्याच्या पायांमध्ये, छातीच्या तळाशी, नराचे बीज ठेवण्याची एक जागा असते. वाघ कोळंबीत ही जागा बंद पाकिटासारखी असते. मादीने कात टाकली आणि नवे कवच अजून मऊ आहे, तेवढ्या अवधीतच नर तिच्याशी जोडी करू शकतो. मग कवच घट्ट होते, बीज पाकिटात सुरक्षित राहते, आणि पुढे अंडी सोडताना मादी ते वापरते. पुन्हा कात टाकली की जुन्या कवचाबरोबर तो साठाही जातो. व्हेनामीत ही जागा उघडी असते. तिची जोडी अंडी पक्व झाल्यावर, कवच कठीण असतानाच, अंडी सोडण्याच्या काही तास आधी जमते.

हे ऐकावयास किरकोळ वाटेल, पण टाकीत कोळंबीची वीण करू पाहणाऱ्यास विचारा. वाघ कोळंबीची टाकीत जोडी जमणे अवघड, जमली तर कात टाकताच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय बंदिवासात तिची अंडी सहजासहजी पक्वही होत नाहीत. म्हणून वर्षानुवर्षे हॅचरीवाल्यांना वाघ कोळंबीची आई समुद्रातून धरून आणावी लागे. व्हेनामीचे तसे नाही. ती टाकीतच पिढ्यान् पिढ्या वाढविता येते, आणि चांगले वाढणारे नर-मादी निवडून त्यांचीच संतती पुढे नेता येते, जसे आपण भाताचे निवडक बियाणे राखतो. या एका सोयीमुळे व्हेनामी ही पाळीव कोळंबी झाली. वाघ कोळंबी मात्र दीर्घकाळ रानटीच राहिली.

याचा परिणाम काय झाला ते पाहू. १९९० च्या सुमारास आपल्या देशात वाघ कोळंबीच्या शेतीची मोठी लाट आली. जपानमध्ये तिला भाव होता आणि आंध्रच्या किनाऱ्यावर लोकांनी भातशेते खणून तलाव केले. त्या काळी अंड्यांनी भरलेली एक मादी जाळ्यात सापडली तर त्या मच्छीमाराला एकट्या त्या मादीचे जे पैसे मिळत, ते पाटीभर मासळीचेही मिळत नसत. हॅचरीवाला मच्छीमाराच्या दारी येत असे, कारण बीजाची किल्ली समुद्राकडे होती आणि समुद्र मच्छीमाराकडे होता.

परंतु रानातून आणलेल्या आईबरोबर रानातला रोगही येतो. १९९४ च्या अखेरीस आपल्या पूर्व किनाऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुरोग आला. कवचावर पांढरे ठिपके उमटतात आणि आठवडा-दहा दिवसांत तलावच्या तलाव मरून जातो. हा विषाणू आईकडून पिलांना मिळतो, तसा पाण्यातून आणि खेकड्यांसारख्या इतर प्राण्यांकडूनही मिळतो. त्याला औषध नाही. त्या वेळी कर्ज काढून तलाव बांधणारी कित्येक कुटुंबे धुळीस मिळाली. याच सुमारास बेबंद तलावांमुळे शेते आणि विहिरी खाऱ्या होत असल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातील कोळंबी तलावांस मनाई केली. केवळ पारंपरिक आणि सुधारित पारंपरिक पद्धतींस सूट राहिली. पुढे २००५ साली संसदेने तटीय जलकृषी प्राधिकरणाचा कायदा केला आणि तलावांची नोंदणी त्याखाली आली.

तिकडे अमेरिकेत, मुख्यत्वे हवाई बेटांवर, शास्त्रज्ञांनी व्हेनामीच्या अशा माता तयार केल्या की ज्यांच्यात ठरावीक रोगांचे विषाणू नाहीत, हे तपासून सिद्ध केलेले असते. यांना एस. पी. एफ. म्हणतात. आपल्या देशात २००३ साली व्हेनामीचा प्रायोगिक प्रवेश झाला आणि २००९ पासून नियमांखाली सर्वांना परवानगी मिळाली. परदेशाहून आलेल्या माता आधी चेन्नईजवळ नीलांकराई येथील विलगीकरण केंद्रात ठेवतात, तपासतात आणि मगच हॅचरीला देतात. दहा वर्षांच्या आत चित्र पालटले. आज भारतातून परदेशी जाणाऱ्या कोळंबीत सिंहाचा वाटा या परदेशी चुलत बहिणीचा आहे.

तरुणांनी विचारलेल्या प्रश्नाचा हिशेबही पाहिला पाहिजे. शिक्षकाला गणित सोडवीत नाही, म्हणून एक नमुन्याचे उदाहरण घेतो. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर पाणी. व्हेनामी पाण्याच्या सर्व थरांत वावरते, म्हणून ती दाट टाकता येते. प्राधिकरणाने तिची कमाल मर्यादा चौरस मीटरला ६० ठरविली. आपण ४० धरू. म्हणजे १,६०,००० पिले. त्यांतील पाऊणपट जगली तर १,२०,०००, आणि चार महिन्यांनी प्रत्येकी २० ग्रॅम भरली तर २,४०० किलो माल. वाघ कोळंबी तळाशी राहते, म्हणून विरळ टाकावी लागते. चौरस मीटरला १२ धरली तर ४८,००० पिले. शंभरात साठ जगली तर २८,८००. पाच महिन्यांनी प्रत्येकी ३३ ग्रॅम भरली तर सुमारे ९५० किलो माल. वजनात व्हेनामी अडीचपट पुढे गेली.

परंतु एवढ्यावर हिशेब संपत नाही. किलोला सरासरी १.४ किलो खाद्य धरले तर व्हेनामीला ३,३६० किलो खाद्य लागते. वाघ कोळंबीला किलोमागे अधिक, म्हणजे १.६ किलो धरले तरी एकूण १,५२० किलोच. व्हेनामीचे खाद्य प्रथिनांत थोडे हलके चालते, सुमारे ३०-३५ टक्के, म्हणून किलोमागे स्वस्त पडते, हे खरे. तथापि दाट तलावात एरेटरची चाके रात्रभर फिरली पाहिजेत. वीज गेली आणि जनरेटर नसला तर पहाटेपर्यंत सारा तलाव तरंगू लागतो. बिलाचा आकडा वेगळाच. उलट वाघ कोळंबीचा काउंट मोठा. किलोत ३० बसतात, व्हेनामीच्या ५०. मोठ्या काउंटला किलोमागे भाव जास्त. म्हणजे व्हेनामी हा मोठ्या भांडवलाचा, मोठ्या उलाढालीचा आणि रोज जागरणाचा धंदा आहे. वाघ कोळंबी कमी भांडवलात, कमी मालात, पण मोठ्या नगात पैसे देते. ज्याच्या घरी उधारीचे खाद्य येणार आहे त्याने हे गणित दोनदा करावे, कारण पीक मेले तरी खाद्याच्या व्यापाऱ्याचे देणे जिवंतच राहते.

रोगाविषयी आमच्या तरुणांत एक गैरसमज फार पसरला आहे, तो येथे दूर करू इच्छितो. रोगमुक्त म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे. एस. पी. एफ. मातेचे पिलू हॅचरीतून निघताना निरोगी असते, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या तलावात विषाणू असेल तर तेही आजारी पडते. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग व्हेनामीलाही होतो. आतड्याजवळच्या पाचक ग्रंथीत वाढणारा ई. एच. पी. नावाचा सूक्ष्म परोपजीवी दोघींनाही होतो. त्यात कोळंबी लगेच मरत नाही, खाते पण वाढत नाही, आणि मालक खाद्य घालून घालून कंगाल होतो. शिवाय पाहुणी आपल्याबरोबर स्वतःच्या देशाचे रोगही आणू शकते. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात तौरा नदीकाठी १९९२ साली व्हेनामीचा एक नवा रोग दिसला, त्याला तौरा हेच नाव पडले. बेफिकीर आयातीबरोबर तो पुढे तैवानपर्यंत पोहोचला. विलगीकरणाचा जाच सरकारने उगाच लावलेला नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला त्या मुद्द्यावर येतो. वाघ कोळंबीच्या काळात बीजाची किल्ली समुद्राकडे होती. व्हेनामी आली आणि ती किल्ली हवाई, फ्लोरिडा येथील मोजक्या केंद्रांच्या हाती गेली. तेथून माता येतात, आंध्र-तामिळनाडूच्या हॅचरीत पिले होतात, आणि तेथून आपल्या पालघर, डहाणूच्या खाजणात बहुतेक बीज येते. जो समाज काल मातांचा पुरवठा करणारा होता, तो आज पिशवीबंद पिलांचा गिऱ्हाईक झाला आहे. विक्रीचेही तसेच. व्हेनामीचे मोठे गिऱ्हाईक अमेरिका. २०२५ च्या ऑगस्टात तेथील सरकारने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले तेव्हा कोळंबीचा भाव येथल्या बांधावर उतरला. बीज परक्याचे, गिऱ्हाईक परके, आणि मधली जोखीम तेवढी आपली, अशी ही स्थिती आहे.

म्हणून व्हेनामी टाकूच नये काय? आम्ही तसे म्हणत नाही. ज्याच्याजवळ विजेची खात्री, भांडवल आणि शिस्त आहे, त्याने ती अवश्य टाकावी. तिने हजारो कुटुंबांना उभे केले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमचे म्हणणे एवढेच की, एकीच्या नादात दुसरीला विसरू नये. शास्त्रज्ञही विसरलेले नाहीत. गेल्या काही वर्षांत वाघ कोळंबीच्याही रोगमुक्त, टाकीत वाढलेल्या माता तयार झाल्या आहेत, आणि अनेक शेतकरी पुन्हा तिच्याकडे वळत आहेत. चेन्नईच्या केंद्रीय खारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने आपल्याच समुद्रातील भारतीय पांढऱ्या कोळंबीची निवडीने सुधारणा करण्याचे काम हाती घेतले असून २०२२ साली केंद्र सरकारने त्यास निधी दिला. या सर्व कार्याचे मूळ भांडवल कोणते? रानटी आई. सुधारित वाणाला पुन्हा नवे रक्त हवे झाले की शास्त्रज्ञाला समुद्राकडेच यावे लागते. ज्या दिवशी समुद्रातील आई संपेल, त्या दिवशी कोणत्याही टाकीत ती नव्याने निर्माण करता येणार नाही.

आणि ती आई जगते कोठे? मुरबे-सातपाटीच्या खाडीत, दांडी-नवापूरच्या मुखाशी, डहाणूच्या तिवरांत तिची लेकरे वाढतात. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने या खाड्यांची काय दशा झाली, हे आपणांस सांगावयास नको. आपल्या मांगेला समाजाच्या परिषदेनेच २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर आणि सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर भरपाई बसविली. एका ज्ञातिसंस्थेने साऱ्या किनाऱ्यासाठी केलेले हे काम अभिमानास्पद आहे. रसायनाचे पाणी तलावात शिरले तर वाघ कोळंबी आणि व्हेनामी दोघी सारख्याच मरतात. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्या कामात खाडीमुखे, तिवरे आणि खडकाळ किनारा यांचे काय होणार, हा प्रश्न विचारीत राहणे हे केवळ होडीवाल्यांचे काम नाही. तलाववाल्यांचेही ते तितकेच आहे. कित्येक ठिकाणी हे दोघे एकमेकांस परके समजू लागले आहेत, ते आम्हांस फार खटकते.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट बीजाची. कोणतीही जात टाका, पण पिले पी. सी. आर. तपासणी झालेली आणि परवानाधारक हॅचरीतलीच घ्या. स्वस्त मिळते म्हणून तलावातच वाढलेल्या मातांची पिले विकणारे दलाल फिरतात. त्यांच्याकडील पिले आरंभी तशीच दिसतात, नुकसान दोन महिन्यांनी कळते. तलावाची प्राधिकरणाकडे नोंदणी करा आणि प्रतिजैविक औषधे चुकूनही वापरू नका. त्यांचा अंश सापडला तर मालाची सारी खेप परत येते.

दुसरी गोष्ट पाण्याची. एका खाडीवर दहा तलाव असतील तर दहाही जणांनी एकत्र बसून बीज टाकण्याचे आणि पाणी सोडण्याचे दिवस ठरवावेत. एकाचा रोगट तलाव रात्री गुपचूप खाडीत सोडला की सकाळी तेच पाणी शेजारी आपल्या तलावात ओढतो. ज्ञातीच्या पंचायतीने लग्नाच्या मानपानावर जेवढा वेळ खर्च केला, त्याच्या निम्मा वेळ या पाण्याच्या वेळापत्रकावर खर्च केला तर समाजाचे मोठे कल्याण होईल.

तिसरी गोष्ट बांधाची. व्हेनामी परकी आहे. पावसाळ्यात बांध फुटून ती खाडीत गेली तर आपल्या रानटी कोळंबीच्या अन्नात आणि जागेत वाटेकरी होईल, रोग देईल तो वेगळाच. म्हणून पावसापूर्वी पीक काढावे, उघाडीला बारीक जाळी लावावी, आणि उरलेली पिले खाडीत ओतून देऊ नयेत. आणि तलाव वाढविण्यासाठी तिवरे तोडणे म्हणजे बालवाडी मोडून त्या जागी दुकान थाटणे होय.

चौथी गोष्ट आमच्या भगिनींसाठी. बाजारात लहान आणि मोठ्या कोळंबीचा भाव वेगळा, तसा जातीचाही वेगळा. पाटीत व्हेनामी असेल तर ती व्हेनामी म्हणूनच विका, टायगर असेल तर अभिमानाने तसे सांगा. वाघ कोळंबीचे मांस घट्ट, व्हेनामीचे मऊ व किंचित गोडसर, असे खाणारे सांगतात. गिऱ्हाईक एकदा फसले की पुन्हा त्या पाटीकडे फिरकत नाही, आणि आपल्या कोळणींच्या जिभेइतकाच त्यांचा शब्दही चोख आहे, ही ख्याती आपण पिढ्यान् पिढ्या जपली आहे.

एक विनंती पालकांना. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेत देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले मत्स्यशास्त्र शिकावयास येतात. आपल्या गावापासून ती लोकल गाडीच्या अंतरावर आहे. ज्या घरात मासळीचे ज्ञान पिढीजात आहे, त्या घरातील मुलामुलींनी त्या विद्येकडे पाठ फिरवावी, हे बरे नव्हे. उद्या वाघ कोळंबीची आई टाकीत वाढविणारा, तिचे बीज येथेच, पालघरच्या किनाऱ्यावर तयार करणारा शास्त्रज्ञ आपल्या घरातून निघाला तर हरवलेली किल्ली पुन्हा आपल्या हाती येईल. मंडळाने शिष्यवृत्ती देताना मत्स्यशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीचा आणि एका मुलाचा दरवर्षी अग्रक्रमाने विचार करावा, अशी आमची अध्यक्ष महाराजांना नम्र सूचना आहे.

टायगर की व्हेनामी, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता आले नाही, याबद्दल तरुण मित्रांनी क्षमा करावी. ज्याने त्याने आपले पाणी, आपली वीज, आपले भांडवल आणि आपली झोप पाहून ठरवावे. परंतु जे काही टाकाल त्याचे बीज कोठून आले आणि तलावातले पाणी कोठे जाणार, हे दोन प्रश्न बीज टाकण्यापूर्वी स्वतःला अवश्य विचारावेत, एवढेच आमचे सांगणे. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!